भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणि सायकल

ब्लॅकवॉटरला चढ नाही. अमेरिकेतल्या मेरीलँडच्या पूर्व किनाऱ्यावर, चेसापीक उपसागराच्या कडेला डॉर्चेस्टर नावाची काउंटी आहे, तिच्या दक्षिणेकडची जमीन परातीसारखी सपाट. केंब्रिज गाव मागे टाकून दहा-बारा मैल खाली गेलं की ब्लॅकवॉटर नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज हे अभयारण्य लागतं आणि तिथून पुढे नजर पोचेल तिथवर खाजण, पाणी आणि मधूनच पाइनची राई. एखाद्या पुलाचा उंचवटा सोडला तर गिअर बदलायची वेळच येत नाही. म्हणूनच असेल, नवीन सायकल घेतलेल्या माणसाला सगळे हीच जागा सुचवतात. ‘तिकडे जा, सोपं आहे.’ मलाही तसंच सुचवलं होतं.

मी सायकल शिकले बेचाळिसाव्या वर्षी. लहानपणी राहून गेलं ते राहूनच गेलं होतं. आठ महिन्यांत दहा मैलांपर्यंत मजल गेली, तेव्हा ऑफिसातल्या चौघांनी नोव्हेंबरातल्या एका शनिवारी ब्लॅकवॉटरची मोठी फेरी ठरवली, पंचविसेक मैलांची, आणि चढ नाही म्हणून मलाही बरोबर घेतलं. कुणीतरी छापून आणलेल्या नकाशावर त्या फेरीपुढे ‘सोपी’ असं लिहिलेलं होतं. निघालो तेव्हा वारा पाठीशी होता. पायाला जोर लावावा लागत नव्हता, कान शांत होते, आणि माझी समजूत झाली की आपल्याला जमायला लागलं. अर्ध्या वाटेवर रस्ता वळला आणि तोच वारा तोंडावर आला.

खाजणात वाऱ्याला अडवायला काही नसतं. घर नाही, टेकडी नाही, कुंपणसुद्धा नाही. कमरेएवढं गवत असतं आणि तेही वाऱ्याबरोबर आडवं होतं. चढ असला तर माणसाला माथा दिसतो, तिथवर पोचलं की सुटलो असं वाटतं. वाऱ्याला माथा नाही. शेवटचे सहा मैल मी निम्मे चालत, सायकल हाताने ढकलत आले. बोटं बधिर झाली होती. बाकीचे पुढे जाऊन थांबत, मी पोचले की पुन्हा निघत, म्हणजे त्यांना विश्रांती मिळे आणि मला नाही. त्यांच्यावर माझा राग नव्हता. राग त्या ‘सोपी’ या शब्दावर होता, कारण त्याने मला त्या दिवसाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. दर वर्षी दहा-बारा वेळा तरी मी तिथे जाते. नवीन शिकणाऱ्यांना घेऊन जाते, चांगल्या सायकल चालवणाऱ्यांच्या मागे मागे जाते, आणि पुष्कळदा एकटी. माझ्याकडे त्या भागाचा घड्या पडून मऊ झालेला एक नकाशा आहे. त्यावर पेन्सिलने माझी माझी प्रतवारी लिहिली आहे आणि ती दोन-चार वर्षांनी खोडून पुन्हा लिहावी लागते. का, ते पुढे सांगते.

सगळ्यात लहान वाट म्हणजे वाइल्डलाइफ ड्राइव्ह. रेफ्यूजच्या आतला, तळ्यांच्या बांधांवरून जाणारा साधारण चार मैलांचा डांबरी रस्ता. गाड्याही त्यावरूनच जातात, पण बेताबेताने, कारण गाडीतली माणसंही पक्षीच बघायला आलेली असतात. नवीन माणसाला मी पहिल्यांदा इथेच आणते. वारा तासाला पंधरा मैलांच्या वर असेल तर जुन्या माणसालाही इथेच आणते. एका अंगाला गोड्या पाण्याची तळी, दुसऱ्या अंगाला ब्लॅकवॉटर नदीचं पसरट मचूळ पाणी. बांध १९३० च्या दशकात घातलेले, सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअरच्या पोरांनी. मंदीच्या काळात बेकार तरुणांना सरकारने जी कामं दिली, त्यांतलं हे एक.

ज्या फेरीत मला सायकलबद्दल सगळ्यात जास्त कळलं, ती याच चार मैलांवरची. ऑक्टोबर संपत आला होता. सासरे आमच्याकडे आले होते, वय एकाहत्तर. बाबांनी एकतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावर गुडघे धरले आणि सायकल सुटली. मी नुसतं विचारलं, “बाबा, येता का? चारच मैल आहेत, आणि उतरावंसं वाटलं तर कुठेही उतरता येतं.” ते म्हणाले, “सीट खाली कर दोन बोटं. मग बघू.”

ते बसले ते थेट ताठ. गिअरला हात लावला नाही. त्यांचं पायडल फिरायचं ते घड्याळाच्या काट्यासारखं, ना हळू ना जोरात, आणि मी मागून बघत होते की वाऱ्याचा झोत आला तरी त्यांची गती तेवढीच राहते, फक्त अंग जरा पुढे झुकतं. मी झोत आला की त्याच्याशी भांडते, मग दमते. आठ-नऊ वर्षं शिकून मला जे आलं नव्हतं ते त्यांच्या पायांत बसलेलं होतं.

पहिल्या वळणापलीकडे बांधाच्या अगदी कडेला एक ग्रेट ब्लू हेरॉन उभा होता. चार फूट उंच, राखी-निळा, मान आखडून पाण्याकडे टक लावलेला. इथे सगळेच एक चूक करतात, मीही पुष्कळ वर्षं करत होते. पक्ष्याच्या बरोब्बर समोर येऊन ब्रेक दाबायचा आणि खांद्यावरचा कॅमेरा काढायचा. गाडी थांबली तर हेरॉन हलत नाही, कारण गाडी हा त्याच्या लेखी एक मोठा धोंडा असतो. सायकलवर मात्र माणूस उघडा दिसतो, हातापायांसकट, आणि माणसाचा आकार पक्षी ओळखतात. मी बाबांना थांबायची खूण करणार, तेवढ्यात ते चाळीस-पन्नास पावलं अलीकडेच हळू झाले, एक पाय टेकवून उतरले आणि सायकल अंगाच्या पुढे धरून उभे राहिले. हेरॉनने मान सुद्धा वळवली नाही. आम्ही पाच-सहा मिनिटं तिथे होतो. त्याने एकदा चोच मारली, रिकामी आली. पुन्हा मान आखडली. दुसऱ्यांदा मारली ती चोचीत आडवा मासा घेऊनच. मासा उभा करायला त्याने दोनदा उडवला, मग गिळला, आणि तो गळ्यातून खाली सरकताना फुगवटा आम्हाला दिसला.

मी विचारलं, “तुम्हाला कसं कळलं इथे उतरायचं?” बाबा म्हणाले, “अगं, कुत्रं असलेल्या घरासमोर सायकल कधी थांबवायची नाही. दोन घरं आधीच उतरायचं, सायकल मध्ये धरायची, आणि त्याच्याकडे न बघता चालत जायचं. मग ते उठत नाही.”

नवीन लोकांना मी आता हे पहिल्यांदा शिकवते. गती, गिअर, ब्रेक ही सगळी मागाहून. आधी उतरायचं कुठे ते.

पुढे पाण्यात उंच खांबांवर लाकडी फळ्या आणि त्यावर काटक्यांचे भारे दिसले. बाबांनी विचारलं, ही कुणाची घरं? ऑस्प्रेची. मासे धरणारा मोठा शिकारी पक्षी, मार्चमध्ये दक्षिणेकडून येतो, फळीवर घरटं डागडुजी करून पिल्लं वाढवतो आणि थंडी पडायच्या आत परत जातो. घरं रिकामी होती. पलीकडच्या तळ्यावर मात्र उत्तरेकडून उतरलेल्या कॅनडा गीजचा, म्हणजे रानहंसांचा, एवढा कल्लोळ होता की आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. हे ठिकाण १९३३ साली राखलं गेलं तेच मुळी या पाहुण्यांसाठी. तेव्हा नावही ‘ब्लॅकवॉटर मायग्रेटरी बर्ड रेफ्यूज’ असं होतं.

बाबांचा पुढचा प्रश्न अगदी त्यांचा होता. “एवढी जमीन घ्यायला पैसे कुणी दिले?” मी खिशातून डक स्टॅम्प काढून दिला. १९३४ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्या सोळा किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला दर वर्षी हे तिकीट घ्यावं लागतं, आणि त्याच्या जवळपास सगळ्या पैशातून पाणथळ जागा विकत किंवा कराराने घेतल्या जातात. पहिलं तिकीट एक डॉलरचं होतं, त्यावरचं बदकांच्या जोडीचं चित्र डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढलं होतं, आणि त्या वेळी तोच सरकारच्या वन्यजीव खात्याचा प्रमुखही होता. आता ते पंचवीस डॉलरला मिळतं. शिकार न करणारे माझ्यासारखे लोकही घेतात, कारण ते जवळ असलं की रेफ्यूजमध्ये प्रवेशाचं वेगळं शुल्क पडत नाही आणि पैसे योग्य जागी जातात. ब्लॅकवॉटरची पुष्कळशी जमीन याच पैशांतून घेतलेली आहे. बाबांनी तिकीट उलटंसुलटं करून पाहिलं. “टपालाला चालत नाही हे?” नाही, म्हटलं. “पण पोस्टात मिळतं?” मिळतं. ते त्यांनी परत दिलं नाही, आणि मीही मागितलं नाही. एका कागदाच्या चिटोऱ्यावर एवढं पाणी आणि एवढे पक्षी उभे आहेत, हे त्यांना एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर माझ्याहून जास्त कळलं असावं.

ते चार मैल आम्हाला तीन तास पुरले.

मधली वाट अठरा-वीस मैलांची, आणि ती मला चालवायला सगळ्यात आवडते. रेफ्यूजच्या व्हिजिटर सेंटरवरून ‘की वॉलेस ड्राइव्ह’ नावाच्या रस्त्याने पूर्वेकडे निघायचं. लिटल ब्लॅकवॉटर नदीचा छोटा पूल लागतो, तिथे हिवाळ्यात अर्धा तास हमखास जातो, कारण बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे गरुड, बघायला याच्यासारखी जागा नाही. फ्लोरिडा सोडली तर अटलांटिक किनाऱ्यावर या पक्ष्यांची एवढी दाट वस्ती क्वचितच कुठे आहे. मग मेपल डॅम रोडला डावीकडे, पुढे ग्रीनब्रायर रोड, दोन्ही बाजूंनी सोयाबीन-मक्याची शेतं आणि पाइनच्या कडा, आणि ग्रीनब्रायर संपतो तिथे बकटाउनचं जुनं दुकान.

या वाटेला अवघड असं काही नाही. दहा मैल आरामात करणाऱ्याने दोन-तीन आठवड्यांत एवढी मजल वाढवावी आणि यावं. बरोबर दोन बाटल्या पाणी, एक ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या एवढं हवंच, कारण वाटेत काही मिळत नाही आणि फोनला रेंज सगळीकडे नसते. जून ते ऑगस्ट टाळा. डिअर फ्लाय नावाची माशी डोक्याभोवती घिरट्या घालत मैलभर पाठ सोडत नाही आणि चावली की रक्त काढते. नवीन माणूस तिला हाकलायला हँडलवरचा हात काढतो आणि पडतो, हे मी दोनदा पाहिलंय.

पण बकटाउनच्या त्या दुकानापाशी सायकल टेकवली की ‘सोपं-अवघड’ हे शब्द तोंडातून निघत नाहीत. हॅरिएट टबमन याच परिसरात १८२२ च्या सुमारास गुलामगिरीत जन्मली. लहान असताना तिला थंडीत, आजारी असताना, पाण्यात उतरून मस्करॅटचे, म्हणजे पाणथळीत राहणाऱ्या उंदरासारख्या प्राण्याचे, सापळे तपासायला पाठवत. तेरा-चौदा वर्षांची असताना या दुकानात एका मुकादमाने पळणाऱ्या दुसऱ्या गुलामाच्या दिशेने दोन पौंडी वजन फेकलं, ते तिच्या डोक्यात बसलं. त्यानंतर आयुष्यभर ती चालता-बोलता मध्येच ग्लानीत जाई. १८४९ मध्ये ती इथून पळून स्वतंत्र झाली, आणि मग तेरा-एक वेळा परत येऊन सत्तरेक माणसांना बाहेर काढलं, बहुतेक हिवाळ्यात, कारण तेव्हा रात्री मोठ्या असतात. मी हिवाळ्यात जाड हातमोजे घालून, दिवसाउजेडी, डांबरावरून जो वारा खाते, तो तिने कुठल्या कपड्यांत आणि कुठल्या चिखलातून अंगावर घेतला असेल, हा विचार पहिल्यांदा आला तो त्या दुकानाच्या पायरीवर बसले असताना. तेव्हापासून दर खेपेला येतो. खाजणातून वाट काढणं तिला तिच्या वडिलांनी, लाकूडतोड्या बेन रॉसने शिकवलं असं मानतात. त्याच्या झोपडीची जागा २०२१ मध्ये जाहीर झाली. रेफ्यूजने नव्याने घेतलेल्या दलदलीच्या तुकड्यात पुरातत्त्वज्ञ खड्डे घेत होते, तिथे १८०८ सालचं एक नाणं सापडलं आणि त्यावरून जागेचा माग लागला. घाई करण्याचं कारण साधं होतं. ती जागा पाण्याखाली चालली आहे.

आणि हे पाणीच मोठ्या वाटेची खरी गोष्ट आहे.

मोठी वाट म्हणजे माझी पहिल्या दिवसाची पंचविसेक मैलांची फेरी. की वॉलेसवरून मेपल डॅम रोडला उजवीकडे, दक्षिणेला, सरळ खाजणाच्या पोटात. शॉर्टर्स वार्फला ब्लॅकवॉटर नदी ओलांडायची, पुढे वळसा घेत ३३६ आणि ३३५ नंबरच्या रस्त्यांनी परत उत्तरेला. दर सप्टेंबरात केंब्रिजला आयर्नमन ही पोहणं, सायकल आणि धावणं अशी शर्यत होते, तिचे ११२ मैलांचे सायकलस्वारही याच भागातून सुसाट जातात. अंतर, सराव, दम या हिशेबाने पाहिलं तर ही वाट मध्यम म्हणायला हवी. माझ्या नकाशावर मी तिच्यापुढे पाच वर्षांपूर्वी ‘मध्यम’ लिहिलं होतं. मग ते खोडून ‘वारा बघून’ असं लिहिलं. आता तिथे लिहिलंय : ‘आधी भरती बघ.’

त्याचं कारण एका मे महिन्यातल्या सकाळचं. पौर्णिमा होती, दोन दिवस आग्नेयेचा वारा उपसागरातलं पाणी आत ढकलत होता. मी एकटीच होते. शॉर्टर्स वार्फच्या अलीकडे रस्ता चमकायला लागला. उन्हाने तापून तसा दिसत असेल असं वाटलं, पण मे महिन्यात सकाळी आठ वाजता कसलं ऊन. जवळ गेले तर रस्त्यावर पाणी होतं. पाऊस नव्हता, वादळ नव्हतं, निरभ्र आकाश, आणि खाजण भरून शांतपणे डांबरावर आलं होतं. पुढच्या चाकाचा टायर बुडेल एवढं. मी उतरून कडेला उभी राहिले. रस्त्याच्या मधल्या पिवळ्या दुहेरी रेघेवरून बोटाएवढे मासे जात होते. थव्याने, डावीकडून उजवीकडे, रेघेपाशी जरासे दचकत, कारण तिथे रंगामुळे पाणी एकदम उजळ दिसत असणार, आणि मग एकदम सगळे मिळून पार. पाठोपाठ दुसरा थवा. माझ्या चाकाच्या सावलीत येऊन दोन-तीन थांबले. गवताची तुटलेली काडी रेघेवरून तरंगत माझ्या बुटाला येऊन टेकली आणि परत फिरली, म्हणजे पाणी अजून चढत होतं.

मी पाण्यातून जायचा प्रयत्न केला नाही. पाण्याखाली रस्त्याची कड दिसत नाही, आणि कडेपलीकडे खोल चर असतो. शिवाय मचूळ पाणी चेनमध्ये गेलं की दुसऱ्या दिवशी तांबेरा धरतो. गेलातच तर घरी आल्या आल्या गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेल द्यावं लागतं, उद्यावर टाकायचं नाही. मी वळले. वळल्यावर लक्षात आलं की मागच्या एका सखल जागीही पाणी यायला लागलंय. तिथून कशीबशी चाकं बुडायच्या आत निघाले. नवीन माणूस बरोबर असता तर दोन पाण्यांच्या मध्ये अडकून ओहोटीची वाट बघत बसलो असतो.

असं का होतं हे मी त्यानंतर नीट समजून घेतलं. चेसापीकचं पाणी गेल्या शंभर वर्षांत सुमारे फूटभर चढलंय, जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने, कारण इथे समुद्र वर येतोय आणि जमीन खालीही जातेय. हिमयुगात उत्तरेकडे बर्फाचा प्रचंड थर बसला होता. गादीवर एका बाजूला कुणी बसलं की शेजारचा भाग वर उचलतो, तशी तेव्हा इथली जमीन उचलली गेली होती. बसलेला उठून हजारो वर्षं झाली आणि गादी अजून सावकाश पूर्ववत होतेय. जिथे जमीन मुळातच पाण्यापेक्षा जेमतेम हातभर उंच, तिथे एक फूट म्हणजे सगळंच. १९३० च्या दशकापासून ब्लॅकवॉटरमधलं पाच हजार एकरांहून अधिक खाजण उघडं पाणी होऊन गेलंय. जुन्या नकाशात जिथे गवत आहे तिथे आता लाटा दिसतात.

त्यात न्यूट्रियाने हातभार लावला. दक्षिण अमेरिकेतला हा मांजराएवढा कुरतडणारा प्राणी १९४३ मध्ये कातड्यासाठी इथे आणला. तो गवत मुळासकट खातो, मुळं गेली की चिखल सुटतो. त्याला हटवायची मोहीम २००२ मध्ये सुरू झाली, चौदा हजारांवर जनावरं काढली, आणि माणसं, कुत्री, कॅमेरे घेऊन कित्येक वर्षं शोधल्यावर २०२२ मध्ये तो इथून संपल्याचं जाहीर झालं. वीस वर्षं लोकांनी त्या चिखलात पाय रोवून काम केलं याचं मला अतोनात कौतुक वाटतं. तसंच शॉर्टर्स वार्फजवळ २०१६-१७ च्या हिवाळ्यात नदीतला गाळ पाइपाने उचलून चाळीस एकर खाजणावर पातळसा फवारला, गवताला उभं राहायला थोडी उंची मिळावी म्हणून. चाळीस एकर म्हणजे मोठ्या फेरीतले सायकलवरची दोन मिनिटं. तिथून जाताना मी मुद्दाम हळू जाते.

मोठ्या वाटेवर आणखी एक गोष्ट दिसते, ती लहान वाटेवर एवढी जवळून दिसत नाही. लॉबलॉली पाइनची मेलेली रानं. खारं पाणी मुळाशी पोचलं की झाड उभ्या उभ्या वाळतं. साल गळते, खोड उन्हाने रुपेरी होतं, आणि खालून खाजणाचं गवत आत शिरतं. रस्त्याकडेला एक ओळ आहे. मी पहिल्या वर्षी पाहिली तेव्हा तिच्यातली पुढची सात-आठ झाडं मेलेली होती आणि मागची हिरवी. आता हिरवं मागे गेलंय. मेलेल्या झाडांच्या शेंड्यांवर गरुड बसतात, कारण तिथून लांबवर दिसतं. छायाचित्र काढणाऱ्यांना ते दृश्य फार आवडतं. मला त्या ठिकाणी थांबवत नाही.

म्हणून मी कुणाला वाट सांगते ती अशी सांगते. आधी वाऱ्याची दिशा बघा आणि जाताना तो तोंडावर घ्या, म्हणजे दमल्यावर पाठीशी येईल. मग भरतीची वेळ बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे आणि दक्षिणेचा वारा असेल तर मेपल डॅमच्या खालच्या टोकाला जाऊच नका, पाय कितीही तयार असोत. आणि मग आपल्यातला सगळ्यात कच्चा माणूस कोण ते बघून वाट ठरवा, त्याला पुढे ठेवा आणि त्याच्या गतीने चला. त्या नोव्हेंबरातल्या शनिवारी मला पुढे ठेवलं असतं तर मी तेवढी दमले नसते. मागे राहिलेला माणूस वाऱ्याशी एकटा पडतो.

बाबा आता त्यांच्या घरी परत गेलेत. डक स्टॅम्प त्यांच्या जुन्या अल्बमात आहे, टपालाच्या तिकिटांच्या शेवटी, वेगळ्या पानावर. रविवारी फोन झाला तेव्हा त्यांनी आधी माझी चौकशी केली, नातीची केली, आणि मग म्हणाले, “तुझ्या त्या रस्त्यावर पाणी आलं का गं पुन्हा?”

आलं होतं, गेल्या आठवड्यात, दोनदा. येत्या शनिवारी मी एका मैत्रिणीला घेऊन जातेय, तिने मार्चमध्येच सायकल घेतली आहे. तिला शॉर्टर्स वार्फचा पूल बघायचाय. भरती सकाळी साडेनऊची आहे आणि वारा वायव्येचा, दहा मैलांच्या आत. तेव्हा सकाळी आम्ही तळ्यांच्या बांधावरून चार मैल फिरू, हेरॉनच्या पन्नास पावलं अलीकडे उतरायची सवय करू, आणि दुपारी एकनंतर, पाणी उतरलेलं असेल तर, पुलापर्यंत जाऊन येऊ. नाही उतरलं तर पाणी लागेल तिथून मागे फिरू.